निरीक्षणगृहात नवीन रुजू झालात? पहिल्या रात्रीपासून मुलाच्या सुटकेपर्यंत काय करायचं

निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथे, रुजू झालात की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'पोरांना डोक्यावर बसवू नका.' दुसरा, 'पोरांच्या भानगडीत पडू नका, आपण बरे आणि आपली ड्यूटी बरी.' सांगणारे अनुभवी असतात, त्यांचा हेतूही वाईट नसतो. तरी हे दोन्ही सल्ले पाळून ही नोकरी नीट होत नाही. लक्ष ठेवायचं काळजीवाहकाने आणि बोलायचं समुपदेशकाने, ही वाटणी कागदावर शोभते. रात्री दीड वाजता एखादा मुलगा अंथरुणात उठून बसतो तेव्हा समुपदेशक घरी झोपलेला असतो. समोर तुम्हीच असता. आणि उद्या मारामारी होणार आहे की कोणी पळायचा बेत करतंय, हे कुलपाला कळत नाही. ज्याच्याशी मुलं बोलतात त्याला कळतं. त्यामुळे तुमचं पद काळजीवाहकाचं असो, गृहपित्याचं असो की परिविक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसरचं), खालचं सगळंच वाचा.

रुजू होण्याआधी: कायद्याची मोजकी पानं

बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सगळा पाठ करायची गरज नाही, पण काही गोष्टी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, तुमच्यासमोरचा मुलगा शिक्षा भोगायला आलेला नाही. पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. चौकशी चालू असताना जिथे ठेवतात ते निरीक्षणगृह, कलम ४७. चौकशी संपून मंडळाने आदेश दिल्यावर पाठवतात ते विशेष गृह, कलम ४८. लोक दोन्हींना सर्रास रिमांड होम म्हणतात, तुम्ही मात्र गल्लत करू नका. गुन्हा केला की नाही याचा निर्णयच झालेला नसताना 'चोर', 'खुनी' म्हणून मुलाला हाक मारणारे कर्मचारी तुम्हाला भेटतील. त्यांच्यात बसून हसूसुद्धा नका.

दुसरी गोष्ट जामिनाची. कलम १२ नुसार जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. जामीन मंजूर होऊनही कित्येक मुलं आत राहतात, कारण अटी पूर्ण करायला घरचं कोणी येत नाही किंवा येणाऱ्याकडे कागद नसतात. अशा वेळी सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचं आणि अटी बदलून घ्यायच्या, अशी तरतूद त्याच कलमात आहे. हे सात दिवस कोणीतरी मोजावे लागतात. ते तुम्ही मोजा. पाटीवर नाव आणि तारीख लिहून ठेवलीत तरी चालेल. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. त्यासाठी अर्ज गेला आहे का, हेही विचारा.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःबद्दलची. शिस्त लावायला म्हणून मारलंत तर कलम ८२ लागतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दहा हजार रुपये दंड, पुन्हा ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय नोकरी जाऊ शकते आणि मुलांबरोबर थेट काम करायला कायमची बंदी येते. छळ केला तर कलम ७५ आहे, आणि संस्थेतल्या कर्मचाऱ्यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलांना तंबाखू देणं कलम ७७ मध्ये बसतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हे मुद्दाम लिहितोय. नवीन माणसाला मुलं पहिल्याच आठवड्यात 'सर, एक पुडी फक्त' म्हणून चाचपतात. एकदा पुडी दिली की तुम्ही त्यांच्या मुठीत. दुसऱ्या वेळी 'नाही' म्हणालात तर 'साहेबांना सांगू का?' हे ऐकायची तयारी ठेवा.

आणि कलम ७४. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थेत वाढदिवस साजरे करायला, फळं वाटायला पाहुणे येतात. मनाने चांगले असतात, पण त्यांचा अर्धा उत्साह फोटोसाठी असतो. फाटकातच मोबाइल जमा करून घ्या. रागावले तर रागावू द्या.

पहिला आठवडा

नावं पाठ करा. नंबराने किंवा 'ए पोरा' म्हणून हाक मारू नका. प्रत्येकाच्या फाइलमधून चारच गोष्टी वेगळ्या वहीत उतरवा: पुढची तारीख, घरचा फोन नंबर, आजार किंवा औषध, आणि आत कोणाशी वैर आहे का. गुन्ह्याचं कलम त्यात लिहू नका. ते लागलं तर फाइलमध्ये आहेच, आणि रोज डोळ्यांसमोर राहिलं की मुलाकडे बघायची नजर नकळत बदलते.

किल्ल्या कुठे असतात, आग लागली तर कोणती दारं कोण उघडणार, रात्री डॉक्टर कुठे मिळतो, हे विचारून नाही, चालून बघा. इमारतीत अशा जागा असतात जिथे उभं राहिल्यावर कोणी दिसत नाही: जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, संडासांच्या बोळात शेवटी. त्या शोधा. मुलांना त्या तुमच्याआधी सापडलेल्या असतात.

नवीन मुलगा येतो तेव्हा

बहुतेक संध्याकाळी उशिरा येतो. पोलिसांबरोबर, उपाशी, दोन रात्री न झोपलेला. या वेळी घाईघाईत कागद उरकले जातात, आणि सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात.

आधी अंगावर जखमा, सूज, वळ आहेत का ते बघा आणि त्याला आत घेण्याआधी लिहून घ्या: कोणत्या हातावर, किती लांब, ताजी की जुनी. वैद्यकीय तपासणीचा कागद सोबत आहे का, ते पाहा. यात मुलाचंही संरक्षण आहे आणि तुमचंही. सकाळी दिसलेला वळ रात्री कुठून आला, हे मग कोणी तुम्हाला विचारणार नाही. झडती आडोशाला घ्या, दुसरा कर्मचारी हजर ठेवून. मुलगी असेल तर सगळं महिला कर्मचाऱ्यानेच करायचं, आणि सॅनिटरी पॅड कुठे मिळतात ते तिला मागायला लागण्याआधी सांगायचं. पैसे, मोबाइल, साखळी, जे निघेल त्याची यादी करून मुलाची सही घ्या. मग त्याला जेवायला द्या. प्रश्न त्यानंतर.

घरी फोन लावून द्या. आई फोनवर रडली तर मुलगा बिथरतो म्हणून काही ठिकाणी पहिल्या दिवशी फोन देत नाहीत. माझ्या मते हे उलटं आहे. आपण कुठे आहोत हे घरी कळलंय, एवढं समजल्यावरच बरीच मुलं झोपतात.

प्रश्न थोडे विचारा, पण हे चुकवू नका. कोणतं औषध चालू आहे का? नशा करतोस का, कशाची, शेवटची कधी केलीस? इथे तुला ओळखणारं किंवा तुझ्यावर डूख धरून असलेलं कोणी आहे का? आणि, जीव द्यावासा वाटतोय का?

शेवटचा प्रश्न विचारायला नवीन लोक कचरतात. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कोणी सरळ विचारलं की मुलाला सुटल्यासारखं वाटतं. आडून विचारू नका, 'तसलं काही मनात नाही ना?' असं तर मुळीच नाही. त्यावर 'नाही' एवढंच उत्तर येतं. 'हो' म्हणाला, गप्प राहिला किंवा 'काय फरक पडतो' म्हणाला, तर लगेच अधीक्षकांना कळवा आणि त्याला एकटं ठेवू नका. वेगळ्या खोलीत कोंडणं ही इथली सगळ्यात घातक चूक. त्याचं अंथरूण तुमच्या नजरेच्या टप्प्यात टाका. जवळ दोरी, नाडी, फाटक्या चादरीची पट्टी, काच नाही ना, बघा. फेऱ्या घड्याळ लावून घालू नका. कधी पाच मिनिटांनी, कधी बारा. ठरलेल्या वेळा मुलांना लगेच कळतात. टेली-मानस १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर तुम्हीही फोन करून काय करायचं ते विचारू शकता.

नशेचंही तसंच. सोल्युशन हुंगणारा, 'बटन' (झोपेच्या) गोळ्या खाणारा, दारू पिणारा मुलगा आत आला की नशा अचानक तुटते. घाम, थरथर, उलट्या, रात्रभर येरझाऱ्या, चिडचिड. याला 'नाटक' म्हणू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकदम तुटल्यावर झटके येऊ शकतात, तिथे डॉक्टरच हवा, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

रोजची नजर

मोजणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी करायची, आणि ती चेहरा बघून करायची. आकडा जुळला म्हणजे सगळे ठीक आहेत असं नसतं. रात्री पांघरुणाखाली उशी आहे की मुलगा, आणि मुलाचा श्वास चालू आहे का, हे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

वय बघून वेगळं ठेवणं नियमातच आहे: ७ ते ११, १२ ते १६ आणि १६ ते १८. जागा कमी म्हणून हे मोडलं जातं. निदान झोपायची आणि अंघोळीची वेळ तरी वेगळी ठेवा.

दादागिरी डोळ्यांसमोर होत नाही. तिच्या खुणा बघायला शिका. एक मुलगा रोज दोघांचे कपडे धुतो. एकाच्या वाट्याचं बिस्किट दर वेळी दुसऱ्याच्या खिशात जातं. एक मुलगा अंघोळ टाळतो, कारण बाथरूममध्ये काहीतरी होतं. एखाद्याच्या घरून आलेली नवी चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसते आणि विचारलं तर 'मीच दिली सर' म्हणतो. यातलं काही दिसलं की सगळ्यांसमोर विचारू नका. त्या मुलाला काही कामाच्या निमित्ताने बाजूला घ्या, आणि त्याच वेळी आणखी दोघा-तिघांनाही वेगवेगळं बोलवा, म्हणजे कोणी सांगितलं हे कळत नाही.

याच कारणाने एक जुनी पद्धत मला अजिबात पटत नाही: सगळ्यात दांडगट मुलाला 'मॉनिटर' करायची. हॉल शांत राहतो हे खरं. पण ती शांतता मुलाने मुलाला मारून आणलेली असते, आणि तिची जबाबदारी कायद्याने तुमची असते. कामं वाटून द्यायची तर आठवड्याला पाळी बदला. कायद्याने मुलांच्या समित्या करायला सांगितल्या आहेत, त्या कागदावर न ठेवता जेवण, खेळ आणि स्वच्छता यांवर त्यांना खरोखर बोलू द्या.

बोलणं

मुलाला खुर्चीत समोर बसवून 'बोल, काय अडचण आहे?' विचारलंत तर काही मिळणार नाही. कॅरम खेळताना, बाग साफ करताना, अंथरुणं घडी करताना मुलं जास्त बोलतात. एकमेकांकडे बघायचं नसतं म्हणून. वेगळं बसायचं असेल तर अशा जागी बसा जिथे दोघे सगळ्यांना दिसाल पण ऐकू कोणाला जाणार नाही. समोरासमोर नको, थोडं तिरकं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

'का केलंस?' हा प्रश्न सोडून द्या. पोलिसांनी विचारला, आईने विचारला, मंडळातही येईल. त्याला उत्तर माहीत नसतं किंवा ठरलेलं असतं. शिवाय खटल्याच्या तपशिलात शिरणं तुमचं काम नाही. तो सांगायला लागला तर थांबवून म्हणा, 'हे तुझ्या वकिलाला सांग, त्यांचा उपयोग होईल.' त्याऐवजी विचारा: घरात सकाळी तुला कोण उठवतं? शाळा कोणत्या महिन्यात सुटली, त्या आधी काय झालं होतं? कोणाचा फोन आला तर तू हमखास उचलतोस?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, आणि नवीन माणूस त्यावरच घसरतो.

'सर, मला कधी सोडणार?'

'लवकर सुटशील रे' असं म्हणायचा मोह होतो. त्याऐवजी असं:

'ते मंडळ ठरवतं. तुझी तारीख मंगळवारी आहे. जामिनाचा अर्ज दिलाय का, हे मला माहीत नाही. उद्या दुपारच्या जेवणाआधी विचारून सांगतो.'

'आणि नाही सांगितलं तर?'

'तर सगळ्यांसमोर मला विचार.'

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्याच्याकडे जायचं. वकिलांचा फोन लागला नसेल तर 'लागला नाही, संध्याकाळी परत लावतो' हे सांगायला जायचं. या मुलांना आयुष्यभर मोठ्या माणसांनी शब्द दिलेले असतात. तुमचा पाळलेला छोटा शब्द दहा गोड बोलण्यांपेक्षा जास्त काम करतो, आणि त्याची बातमी हॉलभर होते. म्हणून शब्द देताना हात आखडता घ्या. 'बघतो' हा शब्द तर वापरूच नका.

मुलं थापा मारतात, भाईगिरीचे किस्से सांगतात. दचकू नका आणि हसूही नका. 'बरं. मग तू घरी कधी गेलास?' एवढं विचारून पुढे जा. रस दाखवलात की पुढचा किस्सा मोठा होतो.

गुपिताबद्दल बोलणं सुरू होण्याआधीच सांगून टाका: 'तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार केला असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल.' आधी सांगितलं असलं की नंतर दगा दिल्यासारखं होत नाही. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आतल्या आत मिटवू' म्हणणाऱ्या वरिष्ठांनाही यातून सूट नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. अत्याचार करणारा हाताखालचा कर्मचारी असेल तर न कळवणाऱ्या प्रमुखाला ती अधिक.

रागावर काम कसं करायचं, याची एक साधी रीत. हॉलमधल्या निम्म्या मारामाऱ्या आईवरून दिलेल्या शिवीने सुरू होतात. मारामारी शमल्यावर, त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी, कागदावर चार चौकोन काढा. पहिल्यात काय घडलं: 'त्याने आईवरून शिवी दिली.' दुसऱ्यात अंगात काय झालं: 'कान गरम झाले, मूठ वळली.' तिसऱ्यात मनात काय आलं: 'गप्प बसलो तर सगळे मला भित्रा म्हणतील.' चौथ्यात काय केलं आणि त्याचं काय झालं. मुलाला लिहिता येत नसेल तर त्याने बोलावं, तुम्ही लिहावं. मग विचारायचं, यातल्या कोणत्या चौकोनात तुला थांबता आलं असतं? बहुतेक मुलं दुसऱ्यावर बोट ठेवतात. कान गरम झाले की उठून नळाकडे जायचं, असं त्याने ठरवलं तर तुम्हीही मान्य करा की त्या वेळी तो न विचारता उठेल. पाळीतल्या इतरांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर पुढचाच कोणीतरी 'कुठे चाललास रे?' म्हणून त्याला अडवेल आणि सगळं मुसळ केरात.

भडका उडाला तर

एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. दीड हाताचं अंतर, तिरकं उभं राहायचं, हात दिसतील असे. आवाज त्याच्यापेक्षा खाली. बघ्यांना आधी हलवा. प्रेक्षक असले की मुलाला माघार घेता येत नाही. दोन पर्याय द्या आणि दोन्ही त्याला इज्जतीने घेता येतील असे: 'इथे बाकावर बसतोस की ऑफिसात माझ्याबरोबर येतोस?' मग थांबा. लगेच उत्तर मागू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या.

धरावंच लागलं, कोणाच्या जिवाला धोका आहे म्हणून, तर कमीत कमी ताकद आणि कमीत कमी वेळ. पालथं पाडून पाठीवर बसणं, छातीवर किंवा मानेवर दाब देणं, कधीच नाही. यात श्वास कोंडून माणूस मरतो. सोडल्यावर मुलाला लगेच डॉक्टरला दाखवा, घरी कळवा, लिहून ठेवा.

शिक्षेचा विषय निघतो तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे १९९० चे हवाना नियम उपयोगी पडतात. मारणं, अंधारकोठडी, एकांतात कोंडणं, जेवण कमी करणं, घरच्यांशी भेट बंद करणं, शिक्षा म्हणून कामाला लावणं आणि एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना दंड, हे सगळं त्यांत निषिद्ध आहे. कर्मचाऱ्याने शस्त्र बाळगणंही. मग उरतं काय? त्या दिवसाचा टीव्ही, खेळातली एक पाळी, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई होईल असं काहीतरी. छोटं, त्याच दिवशी संपणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब कोरा.

मुलगा पळाला तर आधी मोजणी करा, मग अधीक्षक, पोलीस, घर या क्रमाने कळवा. सापडल्यावर पोलीस त्याला २४ तासांत मंडळापुढे नेतात. पळाला म्हणून त्याच्यावर वेगळा खटला होत नाही, हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम २६ मध्ये स्पष्ट आहे, त्यामुळे परत आल्यावर 'आता बघ तुझं काय होतं' अशी भीती घालू नका.

लिहिणं

नोंदवहीत विशेषणं नकोत. 'मुलगा उद्धट आहे, ऐकत नाही' याचा मंडळाला काही उपयोग नाही. 'दुपारी २.१० ला ताट ढकललं, जेवणार नाही म्हणाला. सकाळी आई तारखेला आली नव्हती.' यातून वाचणाऱ्याला कारण दिसतं. पाळी बदलताना ही वही तोंडीही सांगा, विशेषतः रात्री कोण झोपला नाही ते.

परिविक्षा अधिकारी असाल तर सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यावा लागतो, बाल न्याय नियमांतल्या नमुना ६ मध्ये. घरी जाऊनच लिहा. गणवेशातला माणूस किंवा सरकारी गाडी दारात नको. शेजाऱ्यांना 'तुमच्या बाजूचा मुलगा आत आहे' हे तुमच्याकडून कळता कामा नये. शाळेतल्या शिक्षकांना भेटा. मुलगा कधीपासून गैरहजर राहायला लागला हे हजेरीपटात असतं, आणि बहुतेक वेळा त्याच सुमारास घरात काहीतरी घडलेलं असतं. वडिलांचं काम गेलेलं, आई माहेरी गेलेली, घर बदललेलं. अहवालात नुसत्या उणिवा भरू नका. मामाचं गॅरेज आहे आणि तो मुलाला ठेवून घ्यायला तयार आहे, ही एक ओळ मंडळाला निर्णय घेताना जास्त उपयोगी पडते. शिफारसही तशीच नेमकी हवी: कुठे राहील, दिवसभर काय करेल, कोण बघेल. नमुना ७ मधला वैयक्तिक काळजी आराखडा मुलाबरोबर बसून भरा. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढवून. हे लक्षात ठेवून आराखड्यात जेवढं आत होऊ शकतं तेवढंच लिहा.

भेटी आणि तारखा

तारखेहून परतलेल्या मुलाकडे त्या रात्री जास्त लक्ष द्या. भेटीच्या दिवशी ज्याला कोणी भेटायला आलं नाही, त्याच्याकडेही. पालकांना आत सोडण्याआधी पाच मिनिटं त्यांच्याशी बोला. वडील मुलाला बघताक्षणी सगळ्यांसमोर मुस्कटात मारणार असतील तर ते आधी कळतं. गावाहून येणाऱ्या आईला एसटीच्या वेळेमुळे उशीर झाला तर 'वेळ संपली' म्हणून परत पाठवू नका. अधीक्षकांशी बोलून दहा मिनिटं मिळवून द्या.

सुटका आणि नंतर

सुटायची तारीख जवळ आली की मुलं बिघडतात. भांडणं उकरतात, चिडतात. बाहेर कोण वाट बघतंय याची धास्ती असते. हे दिसलं की शिस्तीच्या मागे लागण्याआधी बाहेरच्या पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक त्याच्याबरोबर बसून लिहा: सकाळी कुठे, दुपारी कुठे, जुन्या टोळीतला पहिला फोन आला तर काय म्हणायचं. ते वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आयटीआयचा अर्ज, हे आधीच मार्गी लावा.

घरच्यांना एक गोष्ट नक्की सांगा, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेली १६ वर्षांवरची मुलं सोडली, तर कलम २४ प्रमाणे या प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही. आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते, कलम ७४. नोकरीच्या अर्जाच्या वेळी आईवडील घाबरून खोटं काहीतरी लिहितात, ते टळतं.

काही मुलं परत येतील. त्यांना बघून जुने लोक 'आलास का पाहुणा?' म्हणतील. तुम्ही नव्याने आल्यासारखी सगळी सुरुवात करा: जखमा बघणं, जेवण, घरी फोन, तेच चार प्रश्न. मग मागच्या वेळचं वेळापत्रक काढा आणि ते नेमकं कोणत्या दिवशी, कोणाच्या फोनने मोडलं, तेवढं त्याला विचारा. नवीन आराखडा तिथून लिहायला घ्यायचा.